राखून ठेवलेला निकाल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा फोडणं. उन्हाळी भुईमुगाचं बियाणं करायचं होतं. सांजच्या वेळी ओसरीवर पोतं उपडं केलं. मी खाली बसून फोडत होतो, बायको बाजेवर बसून. ती फोडायची कमी आणि खायची जास्त. मी म्हणालो, "बियाणं हाय ते. पोटात पेरून राहिलीस का?"

ती म्हणाली, "कोर्टाला बोलू नका."

कोर्ट म्हणजे ती. खांद्यावर माझी काळी घोंगडी, हातात खलबत्त्यातला बत्ता. समोर आमची सून उभी. सून हिंगोलीला वकिलीच्या कॉलेजात शिकते. तिचा सराव व्हावा म्हणून बायकोनं हे कोर्ट आमच्या ओसरीवर काढलं होतं. एरवी केस पुस्तकातली असायची, त्या दिवशी घरातली होती. कॉलेजातर्फे सुनेला संभाजीनगरला स्पर्धेला जायचं होतं. दोन रात्री मुक्काम. मी सरळ न्हाई म्हणालो होतो. बायको व्हय पण म्हणाली न्हाई आणि न्हाई पण म्हणाली न्हाई. म्हणाली, "सांजच्याला कोर्टात या दोघं."

दोघांचं ऐकून झालं तवर अंधारलं होतं. तिनं बाजेच्या खुरावर बत्ता आपटला. "निकाल उद्या सकाळी, धार काढून झाल्यावर. आता भाकरी टाकायच्या हायत."

सून हसली. म्हणाली, "याला निकाल राखून ठेवला म्हणतात, आत्याबाई."

"राखून तर राखून," बायको म्हणाली आणि घोंगडी खुंटीला लावून चुलीकडं गेली.

तो निकाल तिनं दिला न्हाई. रात्री झोपली ती झोपलीच. सकाळी शेळ्या ओरडून राहिल्या, ही उठंना. मी हाक मारली. मग हात लावला. त्यावर जास्ती लिहायचं न्हाई मला. लिहायचं ते कोर्टाचं.

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडायचं. कळमनुरीकडं, जवळा बाजारकडं, जिथं पीक निघालं तिथं शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचा. आमचा निम्मा संसार पालात झाला. आता गुडघे गेले, मेंढरं विकली, चार शेळ्या आणि थोडी जमीन ठेवली. शिरड शहापूरच्या अलीकडं फाट्यावर उतरलं की आमचं गाव. माझं शिक्षण दुसरी. बायकोचं तेवढंही न्हाई. पोरगा जेसीबीवर ड्रायव्हर, आज इथं तर उद्या तिथं. सून बीए झालेली आली. आल्यावर दुसऱ्याच वर्षी म्हणाली, वकिलीला नाव घालायचं.

म्हणाली म्हणजे मला न्हाई म्हणाली. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत न्हाई. ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण हाय. तिला मला काही सांगायचं असलं की ती रांजणाकडं तोंड करायची. "चहा झालाय." रांजण काय चहा पितो? मी समजायचो आणि उठायचो. "मामांची चप्पल तुटलीय." मी चप्पल बघायचो. वकिलीचं पण तिनं रांजणालाच सांगितलं. मी रांजणाकडं बघूनच म्हणालो, "काहून? गावात भांडणं कमी हायत का?"

पोरगा फोनवर म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." बायको म्हणाली, "बाबा काय म्हणणार? मी म्हणते शिकू द्या." झालं.

पहिल्या सहामाहीत एका विषयात गेली. इंग्रजीचा घोळ. तोंड बारीक करून आली आणि दोन दिवस रांजणाशी पण बोलली न्हाई. पण कॉलेजातली माणसं भली निघाली. एक मॅडम हायत, वयानं सुनेपेक्षा जरा थोर. त्या तास सुटल्यावर गाडीच्या वेळेपर्यंत हिला बसवून घ्यायच्या आणि वाक्य वाचून अर्थ सांगायच्या. कळमनुरीची एक मैत्रीण हाय, तिचं इंग्रजी चांगलं आणि डबा वाईट. आमच्या सुनेचा डबा चांगला आणि इंग्रजी वाईट. दोघींनी अदलाबदल केली. ती मैत्रीण घरी आली तेव्हा बायकोनं विचारलं, "माझी शेंगदाण्याची चटणी खाऊन किती कलमं शिकवलीस गं?" ती म्हणाली, "आत्या, अजून एक डबी दिली तर सगळा कायदा शिकवते." सून पुढच्या खेपेला तो विषय सोडवून आली. बायकोनं त्या मैत्रिणीला अख्खा डबा भरून चटणी पाठवली. मला त्या दिवशी नुसत्या मिरचीवर भागवावं लागलं.

मग ते मूट कोर्ट निघालं. मूट कोर्ट म्हणजे लटकं कोर्ट. केस खोटी, घाम खरा. एकानं या बाजूनं बोलायचं, एकानं त्या बाजूनं, वर न्यायाधीश बसवायचा. कॉलेजात जी पोरं चांगली बोलतील त्यांना पुढं संभाजीनगरला पाठवणार होते. मॅडमनी सुनेचं नाव घातलं. सून घरी येऊन रडायला लागली. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "तिथं न्यायाधीश म्हणून थोर माणसं बसतात, आत्याबाई. मला थोर माणसाच्या तोंडाकडं बघून बोलताच येत न्हाई."

बायको माझ्याकडं वळून म्हणाली, "घ्या. कोर्टात ही काय रांजण घेऊन जाणार हाय का?"

पण तिच्या डोक्यात लगेच काही तरी आलं. मेंढी मेली आणि कोकरू मागं राहिलं तर ते दुसऱ्या मेंढीला लावावं लागतं. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत न्हाई. मग पहिल्या दिवशी दोघांना अंधारात, मध्ये आडोसा ठेवून बांधायचं. रोज आडोसा थोडा सरकवायचा. एक दिवस आडोसा निघतो आणि मेंढी कोकराला चाटत असते. बायकोनं अशी कितीतरी कोकरं लावली होती. तिनं मला नेऊन रांजणामागं बसवलं.

"मी काय कोकरू हाय?"

"कोकरू ती हाय. तुमी मेंढी. गप बसा."

असं कोर्ट सुरू झालं. सून रांजणाला प्रश्न विचारायची, मी रांजणामागून उत्तर द्यायचो, बायको बाजेवरून बत्ता आपटायची. न्यायाधीशाला काळा झगा असतो असं सुनेनं सांगितल्यावर माझी घोंगडी गेली. रोज बायको मला बोटभर बाहेर सरकवायची. आधी माझा पटका दिसला, मग कान, मग मिशी. मिशीपाशी सून दोन दिवस अडली. मग एक दिवस मी पुरता बाहेर बसलेलो होतो आणि सून माझ्याकडं बघून बोलून राहिली होती. तिच्याही ध्यानात आलं न्हाई.

केस होती बियाण्याची. शेतकऱ्यानं सोयाबीनचं बियाणं घेतलं, उगवलं न्हाई, त्यानं कंपनीवर दावा लावला. मी म्हणालो, ही केस चांगली, यात माझी सून शेतकऱ्याला न्याय देणार. पण बाजू चिठ्ठी टाकून मिळते. सुनेच्या चिठ्ठीत कंपनी निघाली.

"परत टाका म्हणावं चिठ्ठी," मी म्हणालो.

"तसं करता येत न्हाई, मामा." आता ती सरळ बोलायची.

"मग हर. आपल्या माणसाविरुद्ध जिंकून काय करतीस?"

बत्ता आपटला. बायको म्हणाली, "साक्षीदारानं वकिलाला शिकवू नये."

मी शेतकरी झालो. त्यात सोंग काही नव्हतं. सून कंबर कसून समोर उभी राहिली.

"पेरणी कधी केली?"

"पाऊस पडल्यावर."

"किती पाऊस?"

"ढेकूळ विरघळंल इतका."

"पिशवीवर काय लिहिलं होतं ते वाचलं का?"

"दुसरी झालोय मी. माझा बाप वाचून पेरत होता का?"

"दुसऱ्याकडून वाचून घेतलं का?"

"न्हाई घेतलं. घेत बी न्हाई."

"बियाण्याची पावती कुठंय?"

मी बायकोकडं बघितलं. कोर्टानं मान खाली घातली. आमच्या घरातली पावती कोर्टानंच चूल पेटवायला घातली होती.

मी उठून उभा राहिलो. "असं असलं तर गरिबानं दावा लावायचाच न्हाई का?" खरंच राग आला होता मला. सून म्हणाली, "मामा, हेच. आता तुमी जे बोललात ना, तेच समोरचा वकील बोलणार. त्यावर काय म्हणायचं ते मला शोधायचंय." आणि ती वहीत डोकं घालून बसली. मी बायकोला हळूच म्हणालो, "आपण वाघीण पाळून राहिलोत." ती म्हणाली, "कोर्टाशी कुजबुजू नका."

कॉलेजातल्या फेरीला घरच्यांना बोलावलं होतं. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, मी नवा पटका बांधला. मागच्या रांगेत बसलो. वर खुर्चीत एक रिटायर साहेब बसले होते. पांढऱ्या मिशा, माझ्यासारख्याच. मी बायकोला म्हणालो, "मिशी बघितलीस का? घोळ होणार."

झालाच. सून काळा कोट घालून उभी राहिली. सुरुवात झ्याक केली. मग साहेबांनी चष्म्यावरून बघून जाड आवाजात काही तरी विचारलं. सुनेचा हात डोक्याकडं गेला. पदर ओढायला. कोटाला कुठला पदर? हात नुसताच डोक्यावर फिरला आणि तोंडातून निघालं, "मामा..."

सगळा हॉल हसला. साहेब पण हसले. म्हणाले, "मामा तर मामा. पण उत्तर द्यावं लागेल, बाई."

सून लाल झाली आणि कोपऱ्याकडं बघायला लागली. मला कळलं, ती रांजण शोधून राहिली होती. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, पार रानात मेंढरं हाकतानाचा आवाज. "रांजण न्हाई इथं! तोंडाकडं बघून बोल!"

शिपाई पळत आला. बायकोनं त्याला सांगितलं, "बस बाबा, मी पण कोर्टच हाय." मॅडम तोंडावर हात धरून हसून राहिल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "कोण हायत त्या?" सून म्हणाली, "माझ्या सासूबाई, सर." आणि ती जी त्यांच्या तोंडाकडं बघून बोलायला लागली ती घंटा वाजली तरी थांबंना. पावती, पिशवी, ओल, सगळं काढलं. शेतकऱ्याच्या बाजूचं पोरगं हुशार होतं, पण त्यानं घरात सासऱ्याला हरवलेलं नव्हतं.

सून पहिली आली. मला आनंद पण झाला आणि कंपनी जिंकली म्हणून तकलीफ पण. बाहेर आल्यावर त्या हरलेल्या पोराला मी चहा पाजला. बायको म्हणाली, "हे बघा, फितूर साक्षीदार." साहेब आमच्याजवळ येऊन बायकोला हात जोडून म्हणाले, "तुमचं कोर्ट कुठं भरतं?" ती म्हणाली, "आमच्या ओसरीवर. पण तिथं चहा मिळत न्हाई, भाकर मिळती." येताना गाडीत ती खिडकीला डोकं लावून झोपली. हातात पेढ्याचा पुडा धरला होता, तो झोपेत पण सोडला न्हाई.

मग संभाजीनगरचं पत्र आलं, आणि दोन रात्रींचा प्रश्न. मी न्हाई म्हणालो ते सुनेवर भरवसा नव्हता म्हणून न्हाई. घरची बाई परगावी दोन रात्री एकटी राहिली, हे चार लोकांत कसं सांगायचं, एवढंच. म्हणून त्या सांजेला शेंगा फोडताना केस उभी राहिली, सून विरुद्ध सासरा.

मी आधी बोललो. "आपल्या घरातली बाई रात्री घराबाहेर राहत न्हाई. माझं संपलं."

सून उभी राहिली. "कोर्टाला माझा प्रश्न हाय. मामांच्या घरातली बाई निम्मं आयुष्य रानात पालात झोपली का न्हाई?"

"नवऱ्याबरोबर होती ती!" मी म्हणालो.

"बरं. मामा कळमनुरीच्या दवाखान्यात तापानं पडले होते, तेव्हा तीन रात्री वाडा कोणी राखला?"

मी शेंग हातात धरून बसलो. ते खरं होतं. सगळी मेंढरं, कुत्री आणि ही, परक्या रानात. पण सुनेला हे ठाऊक कसं? त्या वेळी तिचा जन्म पण नव्हता. मी बाजेकडं बघितलं. कोर्ट गुपचूप शेंगदाणे खात होतं.

"न्यायाधीशच फुटलाय!" मी ओरडलो. "कोर्टानंच वकिलाला सांगितलंय!"

"कोर्ट काही बोलत न्हाई," बायको म्हणाली. "तुमच्याकडं आणखी काही हाय का?"

माझ्याकडं काही नव्हतं. तेव्हा तिनं तो बत्ता आपटला, आणि निकाल सकाळवर गेला.

ती गेल्यावर घर माणसांनी भरलं. कॉलेजातली पोरं जीप करून आली. कळमनुरीची मैत्रीण चुलीपाशी बसली आणि तिनं येतील तशा, वाकड्यातिकड्या भाकरी टाकल्या. मॅडम खाली सतरंजीवर माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "तिचं नाव मी काढलेलं न्हाई. बुडालेले तास आम्ही भरून काढू. पण जबरदस्ती न्हाई, बाबा. तुमी दोघं ठरवा." वकिलीचा माणूस इतकं थोडं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं.

माझी थोरली बहीण तेराव्यापर्यंत राहिली. ती म्हणाली, "वर्ष झाल्याशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा न्हाई. घरदाराचं बघायचं सोडून कसलं कोर्ट?" खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. सून गेली असती तर दोन रात्री त्या घरात मी एकटा. पोरगा कामावर परत गेला होता. तो कोपरा, ती बाज, ती खुंटी. मला धास्ती होती.

सून पण कुठं जाते म्हणत होती? वह्या बांधून तिनं फळीवर ठेवून दिल्या होत्या. आणि एक झालं होतं. बायको गेल्यापासून ती परत रांजणाशी बोलायला लागली होती. "चहा झालाय." "पाणी तापलंय." मी समजायचो आणि उठायचो.

बहीण गेली त्या सांजेला सून भाकर वाढून कोपऱ्याकडं वळली. "स्पर्धेला उद्या निघायचं होतं. मी मॅडमला न्हाई म्हणून कळवते. मामांना एकटं सोडून कसं जायचं?"

रांजण काही बोलला न्हाई. मी भाकर खाल्ली आणि अंगण झाडल्यासारखं करून झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेच्या आधी उठलो. शेळ्यांची धार बायको काढायची. मी जन्मभर मेंढरांमागं, पण धार माझ्या हाताला नव्हती. पहिल्या शेळीनं लाथ मारली. दुसरीनं तांब्या लवंडला. तिसरीनं माझ्याकडं बघून दया केली. पसाभर दूध निघालं, ते चुलीवर ठेवलं. धार काढून झाली, हे महत्त्वाचं.

मग मी खुंटीवरची घोंगडी काढली. तिच्यात शेंगदाण्याचं लाल साल अडकलेलं होतं, ते तसंच ठेवलं. घोंगडी खांद्यावर घेतली, बाजेवर बसलो आणि खुरावर बत्ता आपटला. सून पिठाच्या हातानं पळत बाहेर आली.

"मामा, काय झालं?"

"पुकारा कर."

"कसला?"

"सून विरुद्ध सासरा. निकाल राखून ठेवलेला होता."

ती उभीच राहिली. मग तिची मान रांजणाकडं वळली. मी म्हणालो, "रांजण न्हाई इथं. तोंडाकडं बघ." तिनं बघितलं.

"सून जिंकली," मी म्हणालो. "दोन रात्री मंजूर. गाडीची वेळ होऊन राहिली."

तिनं पिठाचे हात झटकले. मग माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "कोर्टाला निकालाची कारणं द्यावी लागतात, मामा."

"कारण एक. कोर्टानं स्वतः एकटीनं तीन रात्री वाडा राखला आणि एक कोकरू हरवलं न्हाई. कारण दोन. सासऱ्याकडं दुसरा मुद्दाच नव्हता."

"आणि सासऱ्याच्या भाकरीचं काय?"

"तो विषय या कोर्टापुढं न्हाई."

ती हसली. पदरानं डोळे पुसले, पण पदर डोक्यावर घेतला न्हाई. आत जाऊन तिनं फळीवरच्या वह्या काढल्या. चुलीवर ते पसाभर दूध उतू गेलं, त्याचं कोणालाच काही वाटलं न्हाई.

मी घोंगडी परत खुंटीला लावली, बत्ता पुसून खलात ठेवला, आणि सुनेची पिशवी उचलून तिच्यासंगं फाट्याकडं निघालो.